म्युनिकची सही, हवेलीचं टेबल

प्रश्न : लग्नानंतर मी म्युनिकला आले. पुण्यात कोथरूडला माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, तो आता विकायचाय. इतक्यात येणं जमणार नाही, म्हणून दादाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं ठरलंय. एजंट म्हणतो, "मॅडम, अपोस्टिल करून पाठवा, बाकी मी बघतो." इथले एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, जर्मनीचं अपोस्टिल भारतासाठी चालतच नाही. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीनं मात्र अपोस्टिल करूनच पाठवलं आणि तिचं काम झालं. भारत आणि जर्मनी दोघंही अपोस्टिलच्या करारात आहेत ना? मग असं कसं? शिवाय आमच्या लग्नाचा पुण्याचा दाखला इथल्या एका कार्यालयात लागणार आहे. त्यावर दिल्लीहून अपोस्टिल लावून घेऊ का?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : तुमचे गृहस्थही बरोबर आहेत आणि मैत्रीणही. चुकतोय तो एजंट, पण त्याचाही फारसा दोष नाही. त्याच्याकडे येणारी परदेशातली गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकेतली असणार. तुम्ही अपोस्टिलच्या भानगडीत पडू नका. म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये वेळ घ्या आणि तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करा. कामापुरतं उत्तर एवढंच. पण तुम्ही 'असं कसं?' असंही विचारलंय, आणि खरी गंमत तिथेच आहे.

परक्या मुलखातला कागद टेबलावर आला की कुठल्याही कारकुनाला एकच अडचण पडते : ही सही खरी कशावरून? हवेलीच्या, म्हणजे पुण्यातल्या नोंदणी कार्यालयाच्या, दुय्यम निबंधकाला बव्हेरियातल्या नोटरीचा शिक्का ओळखता येत नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. म्हणून पूर्वी शिक्क्यांवर शिक्के चढायचे. नोटरीची सही खरी, असं वरचं न्यायालय सांगणार. न्यायालयाची खरी, असं आणखी वरचं खातं सांगणार. आणि त्या खात्याच्या सह्यांचे नमुने ज्याच्याकडे आहेत तो वकिलातीतला माणूस शेवटचा शिक्का मारणार. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारानं हे सगळं एका प्रमाणपत्रावर आणलं. तेच अपोस्टिल. बाजू किमान नऊ सेंटिमीटरची असलेला चौकोन, त्यात क्रमांक घातलेल्या दहा नोंदी, आणि मथळा मात्र फ्रेंचमध्येच, मग देश कुठलाही असो.

त्या दहा नोंदींत कागदातल्या मजकुराबद्दल अवाक्षर नसतं. सही कुणाची, त्यानं ती कुठल्या अधिकारात केली, शिक्का कुणाचा, एवढीच हमी. तुमच्या मैत्रिणीनं कॅलिफोर्नियातल्या नोटरीसमोर 'माझा शनिवारवाडा विकण्याचे अधिकार भावास देत आहे' अशा कागदावर सही केली असती, तरी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीनं त्यावर बिनदिक्कत अपोस्टिल लावून दिलं असतं. नोटरी खरा, त्याची सही खरी. त्या कचेरीचं काम तिथं संपलं. आपल्याकडे मात्र पुष्कळांना वाटतं की अपोस्टिल झालं म्हणजे कागद 'पास' झाला. मग हवेलीत तो परत आला की एजंटच्या नावानं बोटं मोडायची.

आता जर्मनीचं. भारत या करारात 14 जुलै 2005 पासून आहे. पण करारातच एक पळवाट ठेवलेली आहे. नवा देश आत येतो तेव्हा आधीच्या सदस्यांना सहा महिन्यांत हरकत घेता येते, आणि जो हरकत घेईल त्याच्यापुरता त्या नव्या देशाशी करार लागू होत नाही. भारताच्या वेळी जर्मनीनं हरकत घेतली. नेदरलँड्स, स्पेन अशा काहींनीही तेव्हा घेतली होती, पुढे त्यांनी ती काढून टाकली. जर्मनीची कायम आहे. म्हणजे दोन्ही देश एकाच करारात आहेत, पण एकमेकांशी नाहीत. एकाच सोसायटीत राहून बोलणं बंद असलेले शेजारी असतात ना, तसं. हे दोन्ही बाजूंनी लागू असल्यानं जर्मन अपोस्टिल पुण्यात कामाचं नाही आणि दिल्लीचं म्युनिकमध्ये नाही. दुबईत असतात तर आणखी वेगळं उत्तर द्यावं लागलं असतं, कारण संयुक्त अरब अमिरात करारातच नाही. कॅनडा 2024 च्या जानेवारीत आला, त्यामुळे टोरांटोच्या कुणी त्याआधी केलेली यातायात तुम्हाला सांगितली तर तीही सोडून द्या. या विषयात दुसऱ्या देशातल्या, किंवा त्याच देशातल्या पण जुन्या अनुभवाइतका घातक सल्ला नाही.

म्युनिकमध्ये तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. लांबची वाट जर्मन नोटरीची. जर्मनीतला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर छत्रीखाली बसणारे काका नव्हेत. तो सरकारनं नेमलेला वजनदार कायदेपंडित असतो, आणि पूर्ण दस्त त्याच्याकडून करून घेतलात तर तो पक्षकारांना मोठ्यानं वाचून दाखवणं त्याच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. नुसती सही साक्षांकित करून घेणं त्यापेक्षा सोपं आणि स्वस्त. पण त्यानंतर नोटरीची सही खरी असल्याचं जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांकडून लिहून आणायचं, आणि मग तो कागद घेऊन पुन्हा आपल्या कॉन्सुलेटच्याच दारात उभं राहायचं. शेवटी तिथंच जायचं, तर आधीच का जाऊ नये?

जवळच्या वाटेला कायद्याचा भक्कम आधार आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 33 सांगतं की लिहून देणारा भारताबाहेर राहत असेल तर त्याचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश किंवा भारतीय कॉन्सल यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी साक्षांकित केलेलं असावं. शिवाय 1948 च्या कायद्यानं आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना नोटरीचे अधिकार दिलेत, आणि त्यांची सही नि शिक्का वेगळा पुरावा न मागता ग्राह्य धरायचा असंही सांगितलंय. ज्या शिक्क्याला दुसऱ्या कुणाच्या शिफारशीची गरज नाही, असा म्युनिकमध्ये मिळणारा शिक्का हाच. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग ही दोन राज्यं या कॉन्सुलेटकडे येतात. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे असं धरून हे लिहितोय. जर्मन नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डधारक झाल्या असाल, तर थेट सही चालेल का, हे वेळ घेण्याआधी त्यांनाच विचारा.

घरून सही करून जाऊ नका. अधिकारी साक्ष देतो ती सही त्याच्यासमोर झाल्याची. साक्षीदार लागतात का, किती फोटो, राहण्याचा कुठला पुरावा, हे त्या कॉन्सुलेटच्या चालू यादीप्रमाणे. दादाकडून कुरियरनं स्टँप पेपर मागवण्याचीही गरज नाही, साध्या कागदावर छापा. परत मिळालेल्या कागदावर बहुधा एक छोटा शिक्का असेल : मजकुराची जबाबदारी कार्यालयाची नाही. तो पाहून घाबरू नका, तो सगळ्यांच्याच कागदावर असतो. पण त्याचा अर्थ असा की मजकुराकडे तुम्हीच बघायचं.

मजकुरात माझ्या मते दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक म्हणजे नाव. फ्लॅट लग्नाआधी घेतला असेल तर करारनाम्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कॉन्सुलेट पासपोर्ट बघणार, हवेली इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, बघणार. तेव्हा मुखत्यारपत्रात दोन्ही नावं पूर्ण लिहा, 'पूर्वाश्रमीच्या' असा उल्लेख करा आणि विवाहाच्या दाखल्याची प्रत दादाजवळ असू द्या. दुसरं म्हणजे अधिकार. 'माझ्या मिळकतीची सर्व व्यवस्था पाहणे' या ऐसपैस वाक्यात विक्री बसत नाही. फ्लॅटचा नंबर, सोसायटी, सर्व्हे नंबर, करारनाम्याचा दस्त क्रमांक द्या. खरेदीखतावर सही करणं, ते नोंदणीसाठी सादर करणं आणि कबुली देणं, हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहा. पैसे कुणाच्या खात्यात जायचे तेही लिहा. दादावर विश्वास असला तरी लिहा; उद्या घेणाऱ्याच्या बँकेचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

कागद पुण्यात पोचला की घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे राज्याबाहेर केलेला दस्त राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर शुल्क भरायचं असतं. कधी आला हे सिद्ध करायला कुरियरचं पाकीट कामी येतं, तेव्हा दादाला सांगा, ते फाडून टाकू नकोस. मोबदला न घेता भावाला विक्रीचे अधिकार दिलेत तर शुल्क 500 रुपये. आई-वडील, बहीण, नवरा अशा जवळच्या नात्यांनाही हीच सवलत. पण दादाला वेळ नाही म्हणून त्याच्या मित्राला, किंवा 'मीच करतो ना मॅडम' म्हणणाऱ्या त्या एजंटला अधिकार दिलेत, तर खरेदीखताइतकं शुल्क लागतं. कोथरूडच्या फ्लॅटला ते काही लाखांत जाईल, आणि घेणारा पुढे आपल्या खरेदीखतावर भरेल ते वेगळंच. हे एजंटनं तुम्हाला अजून सांगितलेलं दिसत नाही.

नोंदणीच्या दिवशी दादाला आणखी एका घोषणापत्रावर सही करावी लागेल : मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि लिहून देणारी व्यक्ती मयत नाही. धाकट्या बहिणीबद्दल असं लिहून देताना त्याला कसंसंच होईल, पण मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं, म्हणून हा कागद.

राहिला लग्नाचा दाखला. दिल्लीच्या अपोस्टिलवर पैसे घालवू नका. भारतातल्या जर्मन वकिलाती आपले दाखले साक्षांकित करून देत नाहीत. म्युनिकच्या कार्यालयाला शंका आली किंवा त्यांच्या नियमात बसत असेल, तर ते जर्मन वकिलातीमार्फत भारतातच पडताळणी करून घेतात. वकिलातीनं नेमलेला वकील मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन येतो. याला महिनोन् महिने लागू शकतात, खर्च तुमचा, आणि ही प्रक्रिया तुम्ही आपणहून सुरू करू शकत नाही. म्हणून आधी त्या कार्यालयाला लेखी विचारा, पडताळणी हवी की जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर पुरे. आणि दादा हवेलीच्या फेऱ्या मारणारच आहे, तर जिथं लग्नाची नोंद झाली त्या कार्यालयातून दाखल्याच्या दोन-तीन ताज्या प्रती त्याला काढून ठेवायला सांगा. एक त्याला फ्लॅटच्या कामाला लागेलच.