पिकांचा अदृश्य शत्रु

आकाशांत उंचावर ओझोन वायु आपलें रक्षण करितो. जमिनीलगत तोच पिकांचा वैरी होतो. मोटारींच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो उत्पन्न होतो आणि पर्णरंध्रांतून आंत शिरून पेशींचा नाश करितो. कॅलिफोर्नियांतील द्राक्षवेलींच्या पानांवरचे ठिपके त्याचेच, हें १९५८ सालीं उघड झालें.

१९७८ सालीं अमेरिकेंत 'एथिलीनडाययुरिया' हें रक्षक द्रव्य पुढें आलें. वाराणसीस गव्हावर त्याचे प्रयोग झाले आहेत. एका वाफ्यास तें द्यावें, शेजारच्यास देऊं नये. दोहोंच्या उत्पन्नांतील अंतरावरून ओझोननें किती धान्य लुटलें तें कळतें. परंतु हें द्रव्य पुनःपुन्हा द्यावें लागतें. म्हणून तें शेतकऱ्याचें औषध नसून मुख्यत्वें शास्त्रज्ञांचें माप होय. विद्यार्थ्यांनो, खरा उपाय धूर आवरणें हाच.