उकळूनही जे जात नाही



पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, हा धडा आता घराघरांत पोचला आहे. उकळल्याने कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मरतात. पण शेतातून विहिरीत उतरलेले खत उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटते आणि त्यातला खताचा अंश दाट होतो. तुरटी किंवा ब्लीचिंग पावडरनेही तो निघत नाही. म्हणून हे पाणी चुलीपाशी नव्हे, शेतातच राखावे लागते.

भोपाळचा मोठा तलाव

नेहरू नगरात राहणाऱ्या आपणांस मोठा तलाव काही दूर नाही. राजा भोजाने ११ व्या शतकात कोलांस नदी अडवून तो बांधला, असे मानतात. आजही शहराच्या मोठ्या भागाला तोच पाणी पाजतो. त्यात ३६१ चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी उतरते आणि त्यातली बहुतेक जमीन शेतीची आहे. सिहोरकडच्या शेतात गव्हाला टाकलेला युरिया आणि सोयाबीनवर फवारलेले औषध यांचा काही भाग याच वाटेने खाली येतो.

१९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जातून तलावाचा गाळ काढला, सांडपाणी वळवले, काठाने झाडे लावली. २००२ साली या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु वरच्या शेतातले खत अडवणे सरकारी यंत्राच्या हातचे नाही. ते शेतकऱ्याच्याच हातचे आहे.

पाणी बिघडते कसे?

पिकाला न लागलेल्या नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. ते पाण्यात सहज विरघळते आणि झिरपत विहिरीत जाते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरते. स्फुरद मात्र मातीला चिकटून राहते आणि माती वाहिली की तिच्याबरोबर तलावात जाते. तेथे शेवाळ आणि जलपर्णी माजतात.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बाळांना. अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. असे दिसताच बाळाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. आईचे दूध हेच बाळाला सर्वांत सुरक्षित.

जमिनीखालचे पाणी एकदा बिघडले की लवकर सुधारत नाही. भोपाळने हे निराळ्या कारणाने भोगले आहे. कीटकनाशकांच्या बंद पडलेल्या कारखान्याभोवतीचे भूजल दूषित झाले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला तेथील वस्त्यांस बाहेरून स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला.

आपण काय करावे?

१. माती तपासून घ्यावी आणि खताची मात्रा त्याप्रमाणे ठरवावी. शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकू नयेत.

२. गव्हाला सगळा युरिया एकदम देऊ नये. अर्धे नत्र पेरणीबरोबर आणि अर्धे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतले नत्र घेतात. त्याला नत्र थोडेच पुरते.

३. आभाळ भरून आले असता खत फेकू नये व औषध फवारू नये.

४. फवारणीचा पंप विहिरीवर, नाल्यात किंवा हातपंपाशी धुऊ नये. औषधाचा रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डबा भोक पाडून निकामी करावा. त्यात पाणी, तेल वा दूध कधीही भरू नये.

५. उकिरडा आणि गोठा विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावा. शेणखतातूनही नायट्रेट झिरपते, हे विसरू नये.

६. विहिरीला कठडा, भोवती पक्का ओटा आणि सांडलेले पाणी दूर नेणारी नाली असावी.

७. नांगरट उताराला आडवी करावी. नाल्याच्या काठाने गवताचा पट्टा राखावा. तो माती अडवतो आणि जनावरांना चाराही देतो.

८. विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, काहींनी तर खताचा खर्च वाचतो. आज संध्याकाळी बांधावर उभे राहून एवढेच पाहा: आपल्या शेताचा उतार कोणाच्या विहिरीकडे जातो? त्या घरात एखादे तान्हे बाळ असेल.