शिथिल स्नायूंच्या बालकासाठी बाबागाडी

मूल साधारणतः आठ-नऊ महिन्यांचे झाले की आधाराशिवाय बसू लागते. काही बालके मात्र दीड-दोन वर्षांची झाली तरी बसविताच पुढे वाकतात, एका बाजूस कलंडतात आणि उचलून घेताना हातांतून निसटतात की काय असे वाटते. विश्रांतीच्या वेळीही शरीरातील स्नायूंमध्ये थोडासा ताण असतो व त्यावरच मान आणि पाठ तोलली जाते. या बालकांत तो ताण कमी असतो. डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सीचे काही प्रकार, थायरॉइड ग्रंथीची जन्मजात न्यूनता, स्नायूंचे व मज्जारज्जूचे काही आनुवंशिक विकार अशी त्याची अनेक कारणे आहेत. शिथिलता हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून साधनाचा विचार करण्यापूर्वी निदान होणे अगत्याचे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरजू बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. येत असलेली हालचाल मूल गमावू लागले असेल, तर पथकाची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निदान झाले तरी घरातील प्रश्न उरतोच. दहा-बारा किलो वजनाचे मूल माउलीने दिवसभर कडेवर किती वेळ वागवावे? मग ते उताणे पडून छताकडे पाहत राहते, त्याच स्थितीत त्यास भरविले जाते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. नीट आधार देणाऱ्या आसनावर बसलेल्या बालकाचे हात मोकळे होतात, त्यास माणसांचे चेहरे दिसतात आणि गिळणेही सुकर होते. अशा आसनास चाके असली की मूल अंगणवाडीपर्यंत पोहोचू शकते.

बाजारातील बाबागाडी यासाठी का चालत नाही, हे तिच्या जन्मकथेवरून ध्यानी येते. छत्रीप्रमाणे मिटणारी हलकी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने तयार केली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी पूर्वी काम केले होते. गाडी मिटावी म्हणून तिची बैठक कापडी झोळीसारखी ठेवलेली असते. सशक्त मूल त्या झोळीत स्वतःस सावरून घेते. शिथिल स्नायूंच्या बालकाचा कटिभाग मात्र मागे लोळतो, पाठीला पोक येते, छाती दबते आणि मान छातीवर पडते. तेव्हा गाडी कोणतीही असो, बैठक व पाठ कडक हवी, त्यावर पातळ गादी असावी.

कटिभाग प्रथम

मानेला आधार हवा म्हणून पालक प्रथम उशी शोधतात. वास्तविक आधाराची सुरुवात खालून करावयाची असते, कारण कटिभाग स्थिर झाला की मान पुष्कळदा आपोआप सावरते. मूल अगदी मागे टेकवून कमरेच्या मागील भागापासून गुडघ्याच्या मागील खाचेपर्यंत अंतर मोजावे आणि बैठकीची खोली त्याहून दोन बोटे कमी ठेवावी. खोली अधिक असेल तर मूल पुढे घसरते. रुंदी कमरेपेक्षा किंचितच जास्त असावी. ‘पुढे वाढेल’ म्हणून कपडे सैल शिवतात तशी गाडी मोठी घेणे, ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. पाऊल लोंबकळता कामा नये. ते पायपाटीवर पूर्ण टेकावे आणि गुडघा काटकोनात यावा.

येथे एक फरक सांगणे आवश्यक आहे. अनेक विशेष खुर्च्यांत मांड्यांमध्ये उंचवटा असतो. ज्यांचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात, अशा मुलांसाठी तो असतो. शिथिल बालकाचे पाय बेडकाप्रमाणे बाहेर फाकतात. त्यास मांड्यांच्या बाहेरून आधार हवा, मधला उंचवटा नव्हे. छातीच्या दोन्ही बाजूंचे आधार काखेला टेकू नयेत. कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी तिरपा बसावा, पोटावर येऊ नये. छातीचा पट्टा गळ्याकडे सरकणार नाही, हे हाताने ओढून पाहावे.

थकल्यावर मुलास किंचित मागे नेता यावे, परंतु केवळ पाठ मागे पाडणारी रचना त्यास घसरविते. बैठक व पाठ यांतील कोन कायम राखून संपूर्ण आसनच मागे कलते, अशी रचना अधिक चांगली. भरविताना मात्र आसन सरळ असावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या मानेच्या सांध्यांत अस्थिरता असू शकते, म्हणून त्याच्या मानेचा आधार वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावा.

खरेदीची घाई

केंद्र शासनाची साधने साहाय्य योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी खुर्ची तयार करते. ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. अडचण बहुधा पैशाची नसते, मार्चअखेरच्या घाईची असते. एकाच मापाच्या खुर्च्या घाऊक घेतल्या की नोंदवही पूर्ण होते, पण खुर्ची माळ्यावर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शनात चाकाच्या खुर्चीच्या बाबतीत तपासणी, माप, बसवून पाहणे व पाठपुरावा हे सेवेचेच भाग मानले, ते उगाच नव्हे. मागणीपत्रासोबत भौतिकोपचार तज्ज्ञाने घेतलेली मापे जोडण्याचा आग्रह ग्रामसभेने धरावा. मुंबईतील हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांचा सल्ला घेता येतो.

खेड्यात चाकेही पाहावी लागतात. लहान फिरती चाके मुरमात रुततात. मोठी, रुंद चाके आणि दोन्ही बाजूंना धरणारा ब्रेक असलेली गाडी वाडीच्या वाटेवर टिकते. उंबरठा, दाराची रुंदी व एस. टी.त चढविताना होणारे वजन आधीच पाहावे. बस चालू असताना मुलास गाडीत बांधून ठेवू नये. मोठ्यांनी घेऊन बसावे. गाडी मिळेपर्यंत गावचा सुतार प्लायवूडची कोपऱ्याच्या आकाराची बैठक करून देऊ शकतो. अंगणवाडीत तेवढीही पुष्कळ उपयोगी पडते.

प्रारंभी मुलास पंधरा-वीस मिनिटेच बसवावे. उठविल्यावर त्वचेवर लाल व्रण दिसला आणि अर्ध्या तासात नाहीसा झाला नाही, तर आसन चुकीचे बसले आहे. उरलेल्या वेळी चटईवर पालथे घालणे, लोळू देणे चालूच ठेवावे. गाडी व्यायामाची जागा घेत नाही. या वयात दर सहा महिन्यांनी पुन्हा माप घ्यावे लागते. ती तारीख अंगणवाडी सेविकेच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि लहान झालेली गाडी पंचायतीकडे परत घ्यावी. दुसऱ्या बालकास ती देताना पट्टे व ब्रेक तपासावेत आणि त्याचेही माप नव्याने घ्यावे.