गीताबाईंची बाजू

बेंगळुरूच्या यशवंतपूर भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मुलांत दिवसा ऑफिस करून रात्र लघुपटाच्या संकलनात घालवणारी मुलं भेटतात. घरी कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. याच शहरात ९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या गुरुदत्तांचे चित्रपट त्यांना पाठ असतात. गुरुदत्तांच्या घराची हकिगतही माहीत असायला हवी.

१९५१ मध्ये ‘बाजी’च्या वेळी गुरुदत्त आणि गायिका गीता रॉय यांची ओळख झाली तेव्हा नाव होतं ते गीताबाईंचं. ‘दो भाई’पासून (१९४७) त्यांचा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला होता. गुरुदत्त पुण्याच्या प्रभातमध्ये उमेदवारी करून आलेले, पहिलाच चित्रपट दिग्दर्शित करत होते. १९५३ मध्ये लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ही याच वर्षांतले. मनासारखं उतरेपर्यंत टेकवर टेक घ्यायचे, चित्रित केलेलं बाद करायचं, जमेना तर अख्खा चित्रपटच सोडून द्यायचा, ही गुरुदत्तांची रीत. अशा सोडलेल्या चित्रपटांत १९५७ चा ‘गौरी’ होता. त्याच्या नायिका होत्या गीताबाई.

संसार विस्कटत गेला. पाली हिलवरचा बंगला पाडला गेला. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले तेव्हा ते वेगळे राहत होते, वय ३९. गीताबाई १९७२ मध्ये, ४१व्या वर्षी गेल्या. सगळा दोष कलेच्या वेडावर टाकणं अन्यायाचं होईल. नैराश्य होतं, दारू होती. पण त्या वेडात गीताबाईंच्या कलेचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांनी आपली बाजू लिहून ठेवली नाही. मराठीत सुनीताबाई देशपांड्यांनी स्वतःची बाजू लिहिली. ‘आहे मनोहर तरी’ आलं १९९० मध्ये, पुलंशी लग्न होऊन ४४ वर्षं झाल्यावर.

लघुपट करणाऱ्या मुलांनी इतकी वर्षं जाऊ देऊ नयेत. लघुपट हाती घेतानाच तो कधी संपेल ते घरी सांगावं आणि तारीख पुढे गेली तर आधी घरीच कळवावं. शूटिंगसाठी रजा काढता, तशी बायकोच्या कार्यक्रमासाठीही काढावी. तिलाच आपल्या चित्रपटात घेतलं की प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. ‘गौरी’ थांबला तेव्हा दिग्दर्शकही नवराच होता. गीताबाईंनी गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे?