मिरजेचा तंबोरा बनवून घेताना : पट्टी, भोपळा, जवारी आणि खर्च

घरात कोणी मन लावून गाणे शिकत असेल तर दोन-तीन वर्षांत तंबोऱ्याचा विषय निघतोच. तोवर मोबाइलवरच्या ॲपवर भागते. मग रियाजाची वेळ वाढते, कान तयार होतो आणि गुरुजी सांगतात की आता स्वतःचे वाद्य हवे. पिंगळीसारख्या गावातून परभणीला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना इथून पुढे वाट ठाऊक नसते. तंबोरा ही वारंवार घ्यायची वस्तू नव्हे. शेजाऱ्याला विचारावे तर त्यानेही कधी घेतलेला नसतो. म्हणून पट्टी ठरवण्यापासून वाद्य घरी येऊन स्थिरावेपर्यंतचा हिशोब इथे क्रमाने मांडला आहे.

महाराष्ट्रात तंबोरा मापाने बनवून घ्यायचा तर मिरज हे पहिले नाव. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांचा स्वतःचा हात तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा घडवण्यावर, बसलेला होता. ३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मानांकन मिरज म्युझिकल क्लस्टरच्या नावे आहे, तर तानपुऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर कंपनीच्या नावे.

आधी पट्टी, मग पैसे

कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा, म्हणजे गाणाऱ्याचा सा हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर आहे याचा. त्याचे उत्तर घेऊनच मिरज गाठा.

पुरुषांची पट्टी साधारणपणे पांढरी एक ते काळी दोन या टप्प्यात असते. बायकांची बहुधा काळी तीन ते काळी पाच. या दोन गटांसाठी वाद्याची मापेच वेगळी आहेत. जेंट्स तंबोरा उभा केला तर सुमारे पाच फूट भरतो, लेडीज चार-साडेचार फूट. तार जितकी लांब, तितका खालचा स्वर ती भरदार देते. लेडीज तंबोऱ्यावर काळी एक लावली तर तारा सैल पडतात आणि खरज नुसता फडफडतो. जेंट्स तंबोऱ्यावर काळी चार चढवली तर तारा तुटतात. तारांची जाडी बदलून एखादा स्वर वर-खाली करता येतो, त्याहून जास्त नाही.

मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर थांबा. आवाज फुटल्यावर त्याची पट्टी कितीतरी खाली येते आणि आज घेतलेला लेडीज तंबोरा तीन वर्षांनी कामाचा राहत नाही. तोवर इलेक्ट्रॉनिक तानपुरा उत्तम. मुलींच्या बाबतीत पंधरा-सोळाव्या वर्षी गुरूंच्या सल्ल्याने निर्णय घ्यायला हरकत नाही.

कशाला साधारण किती

हे ठोकळ आकडे आहेत. भोपळ्याचा आकार, लाकूड आणि कोरीवकाम यांप्रमाणे भाव बदलतो. जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी फोनवर चौकशी करावी.

- मोबाइल ॲप : फुकट ते काहीशे रुपये.
- इलेक्ट्रॉनिक तानपुरा : ३,००० ते १०,००० रुपये.
- भजनी मंडळाची, सप्ताहाच्या पहाऱ्याची वीणा : ४,००० ते १२,००० रुपये.
- सपाट पेटीचा, प्रवासाला सोपा तंबोरा : ८,००० ते १५,००० रुपये.
- लेडीज तंबोरा, रियाजासाठी : १५,००० ते ३०,००० रुपये.
- जेंट्स तंबोरा, रियाजासाठी : २०,००० ते ३५,००० रुपये.
- मैफलीचा, निवडक भोपळ्याचा, नक्षीदार तंबोरा : ४०,००० रुपयांपासून पुढे.

हाताने बनवलेल्या देशी वाद्यांची एक यादी जीएसटीतून वगळलेली आहे. बिलात वाद्यावर कर लावलेला दिसला तर तो कशाचा, हे विचारा. गवसणी आणि फायबरची केस यांवर मात्र कर लागतो.

पैसा कुठे मुरतो

भोपळा, लाकूड आणि जवारी या तीन गोष्टींवर आवाज ठरतो. यात काटकसर करू नये.

भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो वेलीवरच पूर्ण जून होऊ देतात, मग काढून महिनोन्‌महिने वाळवतात. सगळे भोपळे एकसारखे निपजत नाहीत. मोठ्या घेराचा, गोल आणि सारख्या जाडीचा भोपळा क्वचितच मिळतो, म्हणून जेंट्स तंबोरा महाग पडतो. भोपळा ठरला की बाकीची मापे त्याच्यावरून निघतात. शक्य असेल तर कारखान्यात टांगलेल्या भोपळ्यांतून आपला भोपळा स्वतः निवडा. बोटाने टिचकी मारून पाहा. आवाज सगळीकडून सारखा आणि खणखणीत यायला हवा. एका बाजूला बद्द वाजला तर तिथे भिंत जाड आहे किंवा आतून कीड लागलेली आहे.

दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली यांना बहुतेक तुनीचे लाकूड वापरतात. ते हलके असते आणि स्वर चांगला धरते. लाकूड मुख्यतः कर्नाटकातल्या जंगलांतून येते. किती वर्षे मुरलेले आहे, हे जरूर विचारा. ओले लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात दांडीला बाक आणते. खुंट्या शिसवीच्या असतील तर त्या जागच्या जागी टिकतात.

जवारी हे तंबोऱ्याचे मर्म. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी बारीक उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत कंप पावते आणि एका स्वरातून वरचे स्वर उमलत राहतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून दाखवले की तारेच्या कंपनाचा एरवी लागू पडणारा नियम इथे मोडतो. जिथे तार छेडल्यावर जो उपस्वर ऐकू येऊ नये, तोही या वाद्यात ठसठशीत ऐकू येतो.

ही घोडी कारागीर कशी घडवतो ते एकदा बघाच. तो तार उतरवतो, माथ्यावर कानशीचा हलका हात फिरवतो, तार पुन्हा चढवतो, छेडतो आणि कान देतो. पुन्हा उतरवतो. एकेका तारेसाठी हे कितीतरी वेळा चालते. शेवटी तारेखाली बारीक दोरा सरकवून तो अशी जागा शोधतो की तिथे आवाज एकदम उघडतो. जवारी खुली हवी की थोडी बंद, हे तुम्हीच सांगायचे. खुल्या जवारीचा झंकार लखलखीत असतो, बंद जवारीचा गोल आणि शांत. ज्याला तंबोऱ्याशेजारी बसून गायचे आहे त्याने दोन्ही ऐकूनच ठरवावे.

घोडी उंटाच्या हाडाची, आबनुसाची किंवा कृत्रिम पदार्थाची मिळते. सांबरशिंग किंवा हस्तिदंत कोणी देऊ केले तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांच्या व्यापाराला बंदी आहे.

पैसा कुठे वाचतो

वेलबुट्टी, कोरलेली पाने, दांडीवरचे पांढरे जडावकाम, रंगीत पॉलिश. यांनी वाद्य देखणे होते आणि किंमत काही हजारांनी वाढते, पण आवाजात भर पडत नाही. अंदाजपत्रक आखडते असेल तर नक्षी पूर्ण सोडा आणि ते पैसे भोपळ्यात आणि मुरलेल्या लाकडात घाला. तारांची संख्या हाही असाच मुद्दा. पाच-सहा तारांचे तंबोरे होतात, पण शिकणाऱ्याला पंचम, जोडाच्या दोन आणि खरज अशा चार तारा पुरतात. चार तारा सुरात ठेवणे हेच आधी जमायला हवे.

     

जाणे आणि ऑर्डर देणे

पिंगळीकरांनी परभणीहून गाडी धरावी. नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस परळी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर या मार्गाने थेट मिरजेला जाते. ती रोज नसते, म्हणून वार पाहून आरक्षण करा. दोन फेऱ्या धरून चाला : एक ऑर्डर देण्यासाठी, दुसरी वाद्य आणण्यासाठी. पहिल्या फेरीला शिकणारी व्यक्ती सोबत हवीच. तिने कारागिरासमोर आपला सा लावून दाखवावा.

वाद्य तयार व्हायला एक ते तीन महिने धरा. निम्म्यापर्यंत आगाऊ रक्कम मागितली जाते, ती पावती घेऊनच द्या. पावतीवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर एवढे लिहून घ्या : पट्टी, लेडीज की जेंट्स, तारांची संख्या, भोपळ्याचा घेर इंचात, दांडीचे आणि तबलीचे लाकूड, घोडी कशाची, जवारी खुली की बंद, नक्षी किती, गवसणी धरून की वेगळी, एकूण किंमत, देण्याची तारीख आणि पहिल्या वर्षात तडा गेला किंवा दांडी वाकली तर काय करून देणार. शेवटची ओळ बरेच जण लिहून घ्यायला संकोचतात. संकोच करू नका, चांगला कारागीर आनंदाने लिहून देतो.

पार्सलने मागवायचे असेल तर लाकडी पेटीचा आग्रह धरा. तिचे दोन-तीन हजार रुपये वेगळे पडतात. भोपळ्याला एक धक्का पुरतो, म्हणून स्वतः जाऊन आणणेच बरे.

ताब्यात घेताना

घाई न करता दिवसाउजेडी तपासा. दांडीच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहा, रेघ सरळ दिसायला हवी. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या सांध्यावरून नख फिरवा, फट लागू नये. ठरलेल्या पट्टीत चारही तारा लावून घ्या आणि अर्धा तास तसेच ठेवा. खुंट्या मागे सरकल्या तर जागेवरच बसवून घ्या. तारांवरचे मणी सहज सरकतात का ते पाहा, कारण बारीक सूर त्यांनीच लागतो. चारही तारांचा झंकार सारख्या लांबीचा आहे का, हे डोळे मिटून ऐका. शेवटी गाऊन पाहा. समाधान झाले नाही तर जवारी पुन्हा करून मागा. उरलेले पैसे त्यानंतर द्या.

घरी आणल्यावर

परभणी जिल्ह्याची हवा तंबोऱ्याची परीक्षा पाहते. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, कडाक्याच्या थंडीत तो पाच अंशांच्या खाली उतरतो. पत्र्याच्या खोलीत वाद्य ठेवू नका. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर अजिबात नको : दिवसा ओल आणि रात्री कोरडी हवा मिळाली की तबली उचलते. आतल्या भिंतीला टेकून, गवसणीत, जमिनीपासून थोडे वर ठेवा. बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवा. पावसाळ्यात गवसणी अधूनमधून उघडून वारा लागू द्या.

तारांचा संच काहीशे रुपयांत येतो. वर्षातून एकदा बदला. रोज रियाज असेल तर दीड-दोन वर्षांनी तारांनी घोडीवर चरे पाडलेले दिसतील. तेव्हा जवारी काढून घ्यावी लागते. मजुरी साधारण हजार-दोन हजार रुपये. घरी सँडपेपर घासून पाहू नका. घोडीचा माथा एकदा बिघडला की नवी घोडीच बसवावी लागते.

मध्यम लेडीज तंबोऱ्याचा एकूण हिशोब असा : वाद्य २५,०००, जाड गवसणी २,०००, जादा तारा ५००, दोघांच्या दोन फेऱ्या ४,०००, पहिली जवारी १,५००. एकूण ३३,००० रुपये. वाद्याच्या किमतीवर आणखी एक-तृतीयांश रक्कम हाताशी असेल तरच ऑर्डर द्या.

एवढी रक्कम आज जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर प्रामाणिक रियाज चालू ठेवा आणि दरमहा थोडे बाजूला टाका. कमी पैशांत नक्षीदार पण कच्च्या लाकडाचा तंबोरा घेण्यापेक्षा वर्षभर थांबून साधा, सुरेल तंबोरा घेणे केव्हाही चांगले. नीट सांभाळलेला तंबोरा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. तो घेताना घाई करू नका आणि पट्टी ठरल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.