कोणता बिल्ड, कोणाचा हात

चि. निनाद,

टेस्टिंगच्या टीमची जबाबदारी आता तुझ्याकडे आली, आणि तू मला दोन प्रश्न विचारलेस. बिल्ड कोणाला, कुठून आणि किती वेळा द्यायचे, हा एक. टीममधल्या कोणाला कशाचा ॲक्सेस द्यायचा, हा दुसरा. पहिला तुला कामाचा वाटतो आणि दुसरा कटकटीचा, हे तुझ्या पत्रावरूनच कळतं. पहिल्यावर दोन पानं, दुसऱ्यावर अडीच ओळी. माझं म्हणणं असं की हे मुळात दोन प्रश्न नाहीतच. बिल्ड कोणता, हे ठामपणे सांगायचं असेल तर त्याला कोणाकोणाचा हात लागू शकतो, हेही त्याच दमात सांगता आलं पाहिजे. एकाचं उत्तर असेल आणि दुसऱ्याचं नसेल, तर पहिलंही नाही असंच समज.

टेस्टर शेवटी करतो काय? साक्ष देतो. ‘पैसे पाठवताना ॲप बंद पडलं’ ही साक्ष आहे, आणि ‘सगळं पाहिलं, ठीक चालतंय’ ही त्याहून जोखमीची साक्ष, कारण तिच्या भरवशावर लोक ॲप बाजारात सोडतात. साक्षीला वजन येतं ते वस्तू नक्की असेल तर. पोलिस पंचनामा करताना मुद्देमाल पाकिटात घालून लाखेचं सील लावतात, पंचांच्या सह्या घेतात, ते हौस म्हणून नाही. कोर्टात वकील पहिल्यांदा विचारतो तो हाच प्रश्न: जप्त केलेली वस्तू आणि समोर ठेवलेली वस्तू एकच कशावरून, आणि मधल्या काळात ती कोणाच्या ताब्यात होती? पाकिटावरचा नंबर बरोबर असला आणि सील फुटलेलं असलं, तर त्या नंबराचं काय करायचं? बिल्ड नंबर हा पाकिटावरचा नंबर आहे, आणि ॲक्सेसची यादी हे सील.

तुमची सध्याची रीत घे. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर एपीके बनवतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. फाइलचं नाव ‘फायनल’, मग ‘फायनल-नवीन’, मग ‘फायनल-नवीन-२’. नावातला गबाळेपणा एक वेळ चालेल. खरं नुकसान सहीत आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर एका किल्लीने सही केलेली असते, आणि फोनमधल्या ॲपवर नवा बिल्ड चढवायचा तर दोन्हींची सही जुळावी लागते. डीबग बिल्डची ही किल्ली अँड्रॉइड स्टुडिओ ज्याच्या त्याच्या मशीनवर वेगळी तयार करतो. म्हणजे सोमवारचा बिल्ड एकाच्या लॅपटॉपवरून आणि मंगळवारचा दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून आला, की फोन तो घेत नाही. ॲप इन्स्टॉल झालं नाही, एवढंच सांगून मोकळा होतो. मग टेस्टर जुनं ॲप काढतो आणि नवं टाकतो. त्यासोबत लॉगिन, साठवलेला डेटा, सेटिंग्ज, सगळं पुसलं जातं. महिनाभर असं चाललं की तुमच्या टीमने रोज फक्त कोरं ॲप तपासलेलं असतं. बाहेरचा जुना ग्राहक मात्र दोन वर्षांच्या साठलेल्या डेटावर अपडेट घेणार असतो. जुन्या डेटाबेसमधून नव्यात येताना जे फुटतं, ते तुमच्या बगच्या यादीत येण्याची वाटच बंद झालेली असते. यात कोणी आळस केला नाही, कोणी खोटं बोललं नाही, तरी साक्ष फोल ठरली.

डीबग आणि रिलीज यांतला फरकही असाच फसवा. रिलीज बिल्ड करताना आर-८ हे साधन न लागणारा कोड छाटतं आणि क्लासची नावं बदलून एकदोन अक्षरी करून टाकतं. सर्व्हरकडून आलेला मजकूर क्लासच्या किंवा फील्डच्या नावावरून ओळखणारा कोड असेल, आणि ती नावं राखायला कोणी सांगितलं नसेल, तर तो डीबगमध्ये छान चालतो आणि रिलीजमध्ये कोसळतो. त्यातून क्रॅशचा जो अहवाल येतो त्यात खरी नावं नसतात. ती परत मिळवायला त्याच बिल्डची मॅपिंग फाइल लागते, शेजारच्या बिल्डची चालत नाही. म्हणून बिल्ड एकाच ठिकाणी, एकाच किल्लीने व्हावा, मॅपिंग फाइल त्याच्यासोबत जपली जावी, आणि तपासलेलाच बिल्ड पुढे जावा. ‘टेस्टिंग झालं, आता बाजारासाठी नवा बनवू’ असं कोणी म्हणालं तर त्याला थांबव. गूगलच्या प्ले कन्सोलवर अंतर्गत चाचणीतला बिल्ड तसाच्या तसा पुढच्या टप्प्यावर नेता येतो, आणि ॲपलच्या टेस्टफ्लाइटमधला बिल्ड तसाच ॲप स्टोअरच्या तपासणीला देता येतो. एकदा वापरलेला व्हर्जन कोड प्ले कन्सोल दुसऱ्यांदा घेतच नाही. पाकीट तयार मिळतं, ते फाडायचं नाही एवढंच आपलं काम. आणि ‘लेटेस्ट बिल्डवर येतोय’ हे वाक्य बग रिपोर्टमधून हद्दपार कर. ‘लेटेस्ट’ लिहिताना खरं असतं, वाचताना नसतं. ‘४.२.०, बिल्ड ३१८, स्टेजिंग सर्व्हर, ३११ वरून अपडेट करून’ एवढं लिहायला वीस सेकंद लागतात, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ या जुन्या भांडणातली निम्मी हवा तिथेच निघून जाते.

आता तू म्हणशील, नंबर लावू, एका जागी बिल्ड करू. पण यात ॲक्सेस कुठे आला? त्यासाठी नाइट कॅपिटलचं प्रकरण नीट वाच. अमेरिकेतली ही शेअर व्यवहार करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिचा नवा कोड आठ सर्व्हरवर असायला हवा होता. तो सातांवरच पोहोचला होता. आठव्यावर टाकायचा राहिला, आणि एकाने टाकल्यावर दुसऱ्याने पाहायचं अशी लेखी पद्धतच नव्हती. त्यात नव्या कामासाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. आठव्या सर्व्हरवर तोच फ्लॅग अनेक वर्षं न वापरलेल्या, पण कधी काढूनही न टाकलेल्या कोडला जागं करत होता. बाजार उघडल्यावर पाऊण तासात १५४ शेअरांमध्ये ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि कंपनी ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाली. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, त्यांच्याकडे कोणी इशारा म्हणून पाहिलं नाही. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते पुढचं: गोंधळ आवरायला म्हणून त्यांनी बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. त्यामुळे जुना कोड तिथेही सुरू झाला. कुठे कोणता कोड आहे हे माहीत नसताना केलेला उपायच आगीत तेल ठरला.

त्या फ्लॅगकडे बघ, कारण तुझ्या ॲपमध्येही तसले असणारच. हल्ली अर्ध्या सोयी दूरच्या बटणावर असतात: पैसे पाठवण्याची नवी स्क्रीन दिसावी की नाही, हे फोनमधला बिल्ड ठरवत नाही, सर्व्हरवरची एक सेटिंग ठरवते. सकाळी अकराला ३१८ वर टेस्टरने ‘पास’ लिहिलं, दुपारी दोनला कोणीतरी बटण दाबलं. नंबर तोच, ॲप वेगळं. आता तो ‘पास’ कशाचा? स्टेजिंगचा डेटाबेस कोणी मधेच बदलला तरी तीच गत. म्हणजे बटण दाबण्याचा अधिकार कोणाला आहे आणि कधी दाबलं याची नोंद कुठे होते, हे बिल्डच्या ओळखीचाच भाग झालं. तुझ्या अडीच ओळी इथे अपुऱ्या पडतात.

ॲक्सेसमध्ये पहिली ठेच लागते ती शब्दाची. ‘इंटर्नल टेस्टर’ हा शब्द ॲपल आणि गूगल दोघेही वापरतात, अर्थ मात्र एक नाही. गूगलच्या अंतर्गत चाचणीत १०० जणांपर्यंतचे ईमेल यादीत घालायचे. त्या माणसांना प्ले कन्सोलमध्ये पाऊल ठेवायला मिळत नाही. ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्येही अंतर्गत टेस्टर १०० पर्यंतच, पण तिथे तो ॲप स्टोअर कनेक्टवरचा तुमच्या टीमचा सदस्य असावा लागतो, काहीतरी भूमिका घेऊन. म्हणजे बाहेरच्या एजन्सीचे टेस्टर बिल्ड लवकर मिळावा म्हणून ‘इंटर्नल’ केले, तर गूगलकडे तुम्ही त्यांना अंगणात घेतलंत आणि ॲपलकडे माजघरात. बाहेरच्या टेस्टरसाठी ॲपलची १०,००० जणांची वेगळी सोय आहे. तिथे पहिल्या बिल्डला ॲपलची तपासणी लागते, म्हणून लोक ती टाळतात. तेवढी वाट पाहायची तयारी ठेव. सार्वजनिक लिंक काढलीस तर किती जण येऊ शकतील हा आकडा घाल, नाहीतर ती लिंक कुठल्या ग्रुपवरून कुठे गेली हे तुला कळणारही नाही.

दुसरी ठेच नाव काढण्याची. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला घरातले सगळे तलाठ्याकडे जातात. आजोबा गेल्यावर त्यांचं नाव कमी करून वारसाची नोंद करायची राहते ती राहतेच, आणि जमीन विकायच्या वेळी सगळे जागे होतात. ॲक्सेसच्या याद्या हुबेहूब अशाच वाढतात. सिस्को कंपनीतून एप्रिल २०१८ मध्ये नोकरी सोडलेल्या एका इंजिनिअरने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीच्या क्लाउडमध्ये शिरून ४५६ व्हर्च्युअल मशीन पुसली. त्यामुळे सिस्कोच्या वेबेक्स टीम्स या सेवेची १६,००० हून जास्त खाती दोन आठवड्यांपर्यंत बंद पडली. हा खटला अमेरिकेतल्या कोर्टात चालला आणि त्याने गुन्हा कबूल केला. दोष त्याचाच, पण जाऊन पाच महिने झालेल्या माणसाला दार उघडतंच कसं, हा प्रश्न यादी सांभाळणाऱ्याचा. म्हणून ॲक्सेस देतानाच तो कधी संपणार हे लिहून टाक. तीन महिन्यांच्या कंत्राटावरच्या टेस्टरला तीन महिन्यांचाच.

तुझ्या टीमचे आक्षेप मला इथे बसून ऐकू येतात. पहिला: काम अडतं. रात्री अकराला बग अडकलाय, ॲडमिन झोपलाय, डेटाबेसमध्ये एक नोंद बघायची आहे. आक्षेप खोटा नाही, आणि त्याला नियमावली दाखवून गप्प करू नकोस. ॲक्सेस मिळायला दोन दिवस लागतात त्या टीममध्ये लोक पासवर्ड वाटून घेतात, आणि ती अवस्था सगळ्यात वाईट. नोंदीत नाव एकाचं, हात पाच जणांचे. ‘क्यूए’ नावाचं एक सामायिक लॉगिन आणि त्याचा सगळ्यांना पाठ पासवर्ड, हे तुमच्याकडे असेलच. ॲपमधली टेस्टची खाती, म्हणजे खोट्या ग्राहकाची, खुशाल वाटून वापरा. कन्सोलचं, सर्व्हरचं, बिल्ड मशीनचं लॉगिन मात्र ज्याचं त्यालाच. अडचण वेगाची असेल तर वेग वाढव: ॲक्सेस देऊ शकणारी माणसं दोन ठेव, फक्त वाचण्याचा ॲक्सेस लगेच दे, बदलण्याचा थोड्या वेळापुरता दे. अडवणं सोपं असतं; झटकन देऊन वेळेवर काढून घेणं, यातच खरं काम आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आणि म्हणून अवघड: आमच्यावर विश्वास नाही का? नऊ माणसांची टीम, रोज एकत्र डबा खाणारी. त्यांना सांग, हा प्रश्न चोरीचा नाही, चुकांचा आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली आपल्या निबंधात प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत हे तत्त्व मांडलं, तेव्हा त्यांनीही पहिलं कारण दिलं ते अपघात किंवा चूक झाली तर नुकसान आटोक्यात राहावं, हे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर दुय्यम डेटाबेसचं फोल्डर पुसायला गेला आणि मुख्य सर्व्हरवरचं पुसून बसला. सेकंदा-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. त्यात लबाडी नव्हती, रात्र झालेली होती. विश्वास प्रामाणिकपणावर ठेवता येतो; रात्री अकराच्या डोळ्यांवर ठेवता येत नाही. आणि यादीतून कोणाचा अधिकार कमी करायचा असेल तर सुरुवात तुझ्यापासून कर. टीमप्रमुखाला बाजारात बिल्ड सोडण्याचा अधिकार रोज लागत नाही. तुझं नाव उतरलेलं दिसलं की बाकीच्यांचा राग निम्मा होईल.

तिसरा आक्षेप, ‘टूल आहे ना, ते सगळं करतं’, याला फार वेळ देत नाही. टूल नोंद ठेवतं. नोंद वाचायला माणूस लागतो. त्या ९७ ईमेलांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

सही करायची किल्ली कोणाकडे आहे, हे या आठवड्यात शोधून काढ. प्लेची ॲप सायनिंग सोय घेतली असेल तर खरी किल्ली गूगलकडे असते, आणि तुमच्याकडची अपलोडची किल्ली हरवली तर बदलून मिळते. जुनं ॲप त्या सोयीबाहेर राहिलं असेल आणि किल्ली कोणाच्या तरी लॅपटॉपवरच असेल, तर तो लॅपटॉप गेला की त्याच ॲपला अपडेट देणं संपलं. नव्या नावाने पहिल्यापासून सुरुवात. ज्याच्याकडे ती आहे त्याने नोकरी बदलायच्या आत हे विचारलेलं बरं.

आणि एक राहिलं. टेस्टफ्लाइटवरचा बिल्ड ९० दिवसांनी बंद होतो, मग टेस्टरच्या फोनवर तो उघडत नाही. ऑगस्टच्या मध्यावर चढवलेला नोव्हेंबरच्या मध्याला जातो. तुमचा आत्ताचा बिल्ड दिवाळीच्या सुट्टीत संपत असेल, तर नवा चढवायचं काम सुट्टीआधी कोणाच्या तरी नावावर लाव. वहिनीला सांग, फराळाचं पार्सल पोहोचलं.

तुझी,
आत्या