कार्डावरचं नाव सोड, काम विचार

बाळा, सीए इंटर झालास. आता रिस्क ॲडव्हायजरीत जावं की मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, हा घोळ तुझ्या डोक्यात आहे. देऊळगाव राजात बसून दोन्ही सारखंच दिसतं: तोच लॅपटॉप, तेच क्लायंट. पण कामाची जात वेगळी. आत्याचं ऐक, आपल्याकडच्या जिनिंगवरच समजून घे.

जिनिंगच्या मालकाने दोघांनाही बोलावलं असं धर. कन्सल्टंट विचारेल, नफा का घटला? सरकीचं तेल स्वतःच काढावं का? का कापूस कमी करून बियाण्यात शिरावं? जालन्यात बियाण्यांची महिको कंपनी १९६४ पासून आहे, आपल्या तालुक्यात शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालतं, म्हणजे प्रश्न हवेतला नाही. तो बाजार बघेल, आकडे मांडेल आणि पुढे काय करावं ते सांगून दुसऱ्या कामाला लागेल.

रिस्कवाला काट्यापासून सुरू करतो. वजन कोणी घेतलं, ओलावा कोणी ठरवला, पैसे कोणी सोडले? सगळं एकाच्याच हातात आहे का? एक काटापट्टी उचलायची. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हींची वेळ. मग तीच गाडी गेटच्या रजिस्टरात शोधायची. गाडी बाहेर पडली साडेचारला आणि रिकामं वजन झालं सव्वापाचला, असं दिसलं की पुढे सरकायचं नाही. गाडी नसताना वजन कशाचं झालं? तिथून बिल, खातं, बँक असा एकेका कागदाचा माग काढायचा. यात तुझा जीव रमत असेल तर रिस्क तुझं आहे. चार तासांत कंटाळलास तर नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हे काम टिकून का आहे, तेही सांगते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी कबुली दिली की पुस्तकात दाखवलेले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच. म्हणून बँकेचं शिल्लक-पत्र क्लायंटच्या हातून कधी घेऊ नकोस, थेट बँकेकडून मागव. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३८ ने सगळ्या लिस्टेड आणि ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षण बंधनकारक केलं. मंदी आली की नव्या योजनांचा खर्च आधी थांबतो. कायद्याने लावलेलं काम सहसा थांबत नाही.

पगाराचं खरं बोलायचं तर मॅकिन्झी, बीसीजी, बेनसारख्या ठिकाणी सुरुवातच चढी असते. पण दार अरुंद: भरती मुख्यतः आयआयएम, आयआयटी आणि मोजक्या कॅम्पसमधून. शिवाय ठरावीक वर्षांत बढती नाही मिळाली तर बाहेरची वाट. रिस्कमध्ये सीएला दार बरंच मोठं आहे, पुढे कंपनीतच अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख, कधी सीएफओही होता येतं. मात्र रिस्कमध्ये शिरून मग आतल्या आत स्ट्रॅटेजीत जाऊ, या भरवशावर राहू नकोस. ती उडी मला कठीणच दिसते. तेच हवं असेल तर कॅट दे, किंवा जमनालाल बजाजसाठी सीईटी दे, आणि वेळेत दे.

मोठ्या चार फर्ममध्ये दोन्ही कामं चालतात, नावं मात्र फसवी. कार्डावर 'कन्सल्टंट' आणि दिवसभर सॉफ्टवेअरचे पासवर्ड-परवाने तपासणं, असंही असतं. म्हणून मुलाखतीत नीट विचार, 'या टीमने मागची तीन कामं कोणती केली?' उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समज.

सर्टिफिकेटांचा ढीग आधीच लावू नकोस. सीसाची (CISA, संगणक-प्रणालींच्या लेखापरीक्षणाची) परीक्षा पास झालास तरी प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यात काही वर्षांची सूट मिळते एवढंच. आधी काम, मग सीसा किंवा अंतर्गत लेखापरीक्षणाचं सीआयए.

इंग्रजीची धास्ती घेतोस, ते मला पटत नाही. इंग्रजी सुधार, रोज एक पानी टिपण लिही. पण चाकणला, वाळूजला गोदामाचा माणूस तुझ्याशी मराठीत मोकळा बोलेल. 'साहेब, ती गाडी रात्री आली होती,' हे तो तुलाच सांगेल, परक्याला नाही. त्याच्याशी अहो-जाहो बोल. त्याचं नाव रिपोर्टात येऊन त्याची नोकरी जाणार नाही, याची काळजीही तूच घ्यायची.

सध्या आर्टिकलशिपची फर्म निवड. जालना किंवा संभाजीनगरची छोटी असली तरी चालेल, फक्त विचार की कारखान्यात पाठवतात का. नुसतं जीएसटी रिटर्न भरायला बसवत असतील तर दुसरी बघ. ३१ मार्चला साठा मोजायला पाठवलं तर जा, आणि मालकाच्या यादीवरून मोजत बसू नकोस. आधी समोरच्या गाठी मोज, आकडा तुझ्या वहीत लिही, मग यादी माग.